विहीणबाईंना म्हणायचे चार शब्द

"भिंतीला सांगितलं असतं तर एव्हाना भिंतीनं गॅस बंद केला असता," काकू म्हणाल्या.

ही कुरकुर स्वयंपाकघराच्या दारात, निवेदकांच्या कानापासून जेमतेम हातभर अंतरावर झाली. समोरच्या घरातल्या बोटवाल्यांनी ती ऐकली. खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाईंनी मशीन थांबवून ऐकली. दूध उतू गेलं तेही बहुधा ऐकूनच गेलं. ऐकली नाही ती एकट्या निवेदकांनी. ते आरामखुर्चीत ताठ बसून हातातल्या मोबाइलला धीरगंभीर आवाजात सांगत होते, "ब्रिगादा. ब्रिगादा. ब्रिगादा."

निवेदक हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. सगळी नोकरी त्यांनी बसस्थानकाच्या चौकशी खोलीत, मायक्रोफोनसमोर काढली. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, कुठली रद्द झाली आणि कुठली 'थोड्याच वेळात' येणार, म्हणजे कधी येणार ते देवालाही ठाऊक नाही, हे लोकांना सांगायचं त्यांचं काम. त्यांचा आवाज घुमला की बायका पिशव्या उचलायच्या आणि पुरुष अर्धा चहा टाकून पळत सुटायचे. 'प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत' हे वाक्य त्यांच्याइतक्या वेळा, त्यांच्याइतक्या स्वच्छ उच्चारांत आणि त्यांच्याइतक्या कोरड्या मनानं दुसऱ्या कोणी उच्चारलं नसेल. नोकरी संपली, सवय राहिली. घरातही ते "आंघोळीचं पाणी तापलेलं आहे, संबंधितांनी नोंद घ्यावी" असंच म्हणायचे. घरात संबंधित अशा एकट्या काकूच होत्या, त्या नोंद घ्यायच्या.

त्या चौकशी खोलीत एक कर्णा होता. खरं तर तो बाहेर हवा. पण बाहेरच्या खांबावर कबुतरांनी आधीच संसार थाटला होता, म्हणून वायरमननं तो आत, निवेदकांच्या खुर्चीच्या वरच ठोकला. जे सगळ्या स्थानकाला ऐकू जायचं ते आधी निवेदकांच्या कानांतून जायचं. मधूनच तो कर्णा अशी काही शिट्टी मारायचा की फलाटावरची पोरं भोकाड पसरायची. निवेदक मात्र हलायचे नाहीत. कामावरचा माणूस हलत नसतो.

त्यांच्या निरोपाच्या चहापानात तिकीट खिडकीवरचा त्यांचा जुना दोस्त सहज म्हणून गेला, "एकदा कान दाखवून घे रे बाबा." त्या दिवसापासून निवेदकांनी त्या दोस्ताशी बोलणं टाकलं. मग घरादारानं तो विषय असा टाळला, जशी आपण जिन्यातली मोडकी पायरी टाळतो. कोणी काही बोलायचं नाही, पाय जरा उंच उचलायचा आणि पुढे जायचं.

निवेदकांचं स्वतःचं मत असं की हल्ली लोक पुटपुटतात. बोलण्याची शिस्त म्हणून राहिली नाही. जो तो अर्धे शब्द घशात ठेवतो आणि अर्धे खिशात. आणि खरं सांगायचं तर मराठीत त्यांचं फारसं अडतही नव्हतं, कारण मुरलेल्या संसारात माणूस ऐकत नाही, ओळखतो. सकाळी काकूंचे ओठ हलले तर विषय दूध किंवा नळ. दुपारी हलले तर बोटवाले. संध्याकाळी हलले आणि भुवयाही वर गेल्या तर लेकीचा फोन. या तीन खुंट्यांवर निवेदकांनी वर्षानुवर्षं संभाषण टांगून ठेवलं होतं. दूध कधी कधी उतू जायचं, तेवढं चालायचंच.

अडचण आली ती पोर्तुगीज भाषेमुळे. तिच्यात ओळखायला काही नव्हतंच.

झालं असं की निवेदकांची लेक नोकरीसाठी परदेशी गेली, तिथल्याच एका मुलाशी तिनं लग्न केलं आणि तिला मुलगी झाली. ती नात आता आईशी मराठी आणि बाकी जगाशी पोर्तुगीज बोलायची. इतकी वर्षं निवेदकांनी आणि काकूंनी तिला फोनच्या चौकटीतच पाहिलं होतं. आता विहीणबाईंची साठी आली. सगळं गोत जमणार होतं आणि या दोघांना आग्रहाचं बोलावणं होतं. लेक फोनवर म्हणाली, "बाबा, तुम्ही त्यांच्या भाषेत चार शब्द बोलायचे हं. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, माझ्या बाबांचा आवाज ऐका म्हणून!"

हे वाक्य मात्र निवेदकांनी पहिल्या झटक्यात आणि शब्दन् शब्द ऐकलं. स्तुती ऐकायची शक्ती माणसात शेवटपर्यंत शाबूत असते.

लेकीनं मग रोजच्या उपयोगाचे शब्द स्वतःच्या आवाजात बोलून मोबाइलवर धाडले. नमस्काराचे, आभाराचे, माफीचे, वाट मागण्याचे. लेकीचा आवाज आधीच बारीक, त्यात ती भाषा अर्धी नाकातून आणि अर्धी गिळून बोलायची. निवेदकांनी मोबाइल उजव्या कानाला लावला, मग डाव्या. मग त्याकडे तो हलगर्जी कारकून असावा तसं रोखून पाहिलं आणि जाहीर केलं, "यंत्र मंद आहे."

यावर बोटवाल्यांनी तोडगा काढला. बोटवाले म्हणजे मालवाहू जहाजांवर जन्म घालवून घरी परतलेले गृहस्थ. जगातलं एकही बंदर असं नव्हतं जिथे त्यांची ओळख नव्हती, आणि एकही विषय असा नव्हता ज्यात त्यांचा सल्ला नव्हता. "निवेदक, मोबाइल स्टीलच्या रिकाम्या डब्यात उभा ठेवा," ते म्हणाले. "डबा घुमतो. आम्ही बोटीवर असंच करायचो."

काकूंचा मोठा डबा रिकामा झाला. त्यातलं पीठ दोन पातेल्यांत, एका परातीत आणि थोडं काकूंच्या केसांत गेलं. डबा गॅलरीत आला आणि त्यातून लेकीचा आवाज असा घुमू लागला, जणू विहिरीत पडून कोणी शिष्टाचार शिकवतंय. "बों दीया!" डबा म्हणायचा. "बंद दिवा!" निवेदक म्हणायचे. "कों लिसेंसा!" डबा म्हणायचा. म्हणजे 'जरा वाट द्या'. निवेदक चमकून काकूंना विचारायचे, "लायसन्स? कोणाचं लायसन्स? ड्रायव्हरचं?"

या शिकवणीचा एक अनपेक्षित फायदा झाला. सगळी इमारत पोर्तुगीज शिकली. जिन्यात समोरासमोर आलेली माणसं एकमेकांना "कों लिसेंसा" म्हणून वाट देऊ लागली. पेपरवाला पेपर टाकताना "बों दीया" असं ओरडू लागला. काकू तर भाजी निवडता निवडता सगळे शब्द पाठ करून बसल्या, पण ते त्यांनी कोणाला कळू दिलं नाही. नवरा जे शिकतोय ते त्याच्या आधी येणं हे संसारात धोक्याचं असतं.

एके दिवशी शिवणवाल्या बाई जिन्यात भेटल्या. निवेदकांनी त्यांच्यासाठी दार धरलं, त्यांनी मान लववून "ब्रिगादा" म्हटलं. निवेदकांनीही तितक्याच अदबीनं उलट "ब्रिगादा" म्हटलं. बाईंना हसू आवरेना.

"काका, तुम्ही 'दु' म्हणायचं हो! बुवांनी ब्रिगादु, बायकांनी ब्रिगादा. तुमची लेक त्या डब्यातून रोज सांगते की!" त्या ठणठणीत आवाजात म्हणाल्या. मशीनच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे त्यांचा आवाज मोठा होता, आणि म्हणून निवेदकांच्या मते इमारतीत सुसंस्कृत बोलणारी अशी ती एकच बाई होती.

म्हणजे इतके दिवस निवेदक, सहा फूट उंचीचे, मिशीवाले, 'मी आपली आभारी आहे गं' अशा थाटात आभार मानत होते. ते घरी आले आणि डब्याकडे पाहिनासे झाले. 'दु' आणि 'दा' हा फरक लेकीनं डब्यातून रोज सांगितला असेल, तर तो त्यांना का... इथपर्यंत विचार आला आणि त्यांनी तो वळवला. मोडकी पायरी त्यांनाही माहीत होती. किंबहुना त्यांनाच सगळ्यांत जास्त माहीत होती.

"डब्याचं झाकण बसतं तिथे गंज आलाय," ते काकूंना म्हणाले. "त्यामुळे शेवटचं अक्षर अडतं."

काकूंनी कोऱ्या करकरीत डब्याकडे पाहिलं. "असेल हो," त्या म्हणाल्या.

पुढचा प्रसंग व्हिसाच्या कार्यालयात घडला. तिथे टोकन घेऊन बसायचं आणि आपला नंबर पुकारला की खिडकीपाशी जायचं, अशी पद्धत होती. नंबर पुकारणारी मुलगी दिसत नव्हती, नुसताच आवाज छतातून यायचा. निवेदकांचं धंदेवाईक मन जागं झालं. "बघ, बघ," ते काकूंच्या कानाशी म्हणाले. काकूंच्या कानाशी म्हणजे सगळ्या दालनाला ऐकू जाईल असं. "कशी गिळते शब्द! आकड्याच्या आधी क्षणभर थांबायचं असतं. 'कृपया' वर जोर नको. आमच्या वेळी असली मुलगी माइकपाशी फिरकू दिली नसती. काय बोलते ते कोणाला तरी कळतंय का?"

सगळ्यांना कळत होतं. आपला नंबर दोनदा पुकारला गेला, हे काकूंना तर फारच चांगलं कळलं होतं. पण 'अहो, आपला नंबर' असं म्हणावं तर मोडक्या पायरीवर पाय पडतो. म्हणून त्या म्हणाल्या, "मला जरा पाय मोकळे करायचेत. चला, त्या खिडकीपर्यंत जाऊन येऊ." असे पाय मोकळे करत करत दोघं नेमके आपल्या खिडकीपाशी पोचले. निवेदकांना तो शुभशकुन वाटला.

खिडकीला जाड काच होती, आणि काचेच्या खालच्या अंगाला एक फट. बोलणं तेवढ्यातून बाहेर यायचं, तेही बहुधा अर्धंच.

"प्रवासाचा हेतू?" कारकुनानं विचारलं.

"कुठला सेतू?" निवेदक म्हणाले.

"हेतू, हेतू! कशासाठी जाताय?"

"लेकीकडे जातायत," काकू म्हणाल्या.

"बाई, त्यांना बोलू द्या. तिकडे कुठे उतरणार?"

हा प्रश्न निवेदकांना पुरता ऐकू आला आणि त्यांच्या आवडीचाही निघाला. "शेवटच्या थांब्याला," ते खणखणीत म्हणाले.

कारकुनानं पेन खाली ठेवलं. निवेदकांकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं आणि हलकेच विचारलं, "काकांना सांभाळायला तुम्ही बरोबर असणार ना?"

"असणार," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका बारीक झाला की तो काचेलाही ऐकू गेला नसेल. शिक्का मात्र बसला.

घरी येताना निवेदक खुशीत होते. "बघितलंस? एका उत्तरात काम. अधिकारी माणसाला स्पष्ट बोलणं आवडतं." पण रिक्षातून उतरेपर्यंत त्यांच्या मनात एक चिंता शिरली होती. कारकून पुटपुटतो तो पुटपुटतोच, पण साठीच्या समारंभात तीस-चाळीस माणसं आपापल्या गतीनं परभाषेत पुटपुटली तर? चार शब्द म्हणून झाले की आपली सुटका होईल असं त्यांनी धरलं होतं. पण उत्तरं येणार! शिष्टाचाराची हीच खोड आहे. आपण एक चांगला शब्द टाकला की समोरचा दहा परत करतो.

म्हणून त्यांना आणखी एकच वाक्य हवं होतं. लेकीला ते विचारता येईना. ती विचारील, 'का हो बाबा?' मग ते समोर बोटवाल्यांकडे गेले आणि इकडेतिकडे पाहून म्हणाले, "तुम्ही त्या लोकांच्या बंदरात होता. 'जरा सावकाश बोला' असं सभ्यपणे कसं म्हणायचं?"

बोटवाल्यांनी डोळे मिटले. आठवणींच्या गोदीत त्यांचं जहाज मागे मागे गेलं. "आहे!" ते म्हणाले. "आमचा तिकडचा मुकादम होता. फार प्रेमळ. मी बोलायला लागलो की खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, काला बोका! दिवसातून दहा वेळा म्हणायचा. म्हणजे, दमानं, भाऊ, दमानं."

"काला बोका?"

"काळा बोका डोळ्यांसमोर आणा. 'ळ' चा 'ल' करा. झालं."

निवेदक हरखले. पहिल्यांदाच एक शब्द त्यांना अखंड, शेंड्यापासून बुडख्यापर्यंत मिळाला होता. बोटवाल्यांनी वर तात्त्विक पाठिंबाही दिला. "अहो, चावी हा शब्द त्यांचा, साबण त्यांचा, पगार त्यांचा. एवढं सगळं तिकडून बोटीत बसून आपल्याकडे आलं. जाताना एखादा बोका आपल्याकडून चढला असेल!"

रविवारी लेकीचा फोन आला. या खेपेस तिच्या शेजारी विहीणबाई बसल्या होत्या. गोल चेहऱ्याच्या, चष्म्याला साखळी लावलेल्या, मांडीवर नात. निवेदक इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. त्यांनी घसा साफ केला आणि जो आवाज अवघं बसस्थानक ओळखायचं त्या आवाजात म्हणाले, "बों दीया, सेन्योरा. मुइंतु प्रझेर."

नमस्कार बाई, भेटून आनंद झाला. एकही अक्षर सांडलं नाही. पलीकडे टाळ्या वाजल्या. लेकीचे डोळे चमकले. काकूंना वाटलं, झालं, आता फोन ठेवावा. सुखाचा क्षण लवकर बंद केलेला बरा.

पण विहीणबाई भारावल्या होत्या. त्या पुढे झुकल्या, हात छातीशी घेतला आणि बोलू लागल्या. बोलत राहिल्या. निवेदकांना ते पत्र्यावर कोणी वाळू ओतावी तसं ऐकू येत होतं. ते हसतमुखानं मान हलवत राहिले. वाळू थांबेना. मग निवेदकांनी, रांगेतल्या गर्दीला थोपवावं तसा, अतिशय मायेनं तळहात वर केला आणि म्हणाले, "काला बोका, सेन्योरा."

विहीणबाई थांबल्या.

लागू पडलं! निवेदकांनी विजयी मुद्रेनं काकूंकडे पाहिलं. विहीणबाईंचा चेहरा पुसल्यासारखा झाला होता, पण निवेदकांना ती एकाग्रता वाटली. म्हणून त्यांनी वाक्य आणखी सभ्य केलं. "काला बोका, पुर फावोर."

नात खदखदून हसली, आजीच्या मांडीवरून उडी मारून "काला बोका! काला बोका!" ओरडत घरभर पळत सुटली. पडद्यावर एक छत दिसलं, मग लेकीचा अंगठा, मग काहीच नाही.

थोड्या वेळानं लेकीचा फोन काकूंना आला. काकू तो घेऊन स्वयंपाकघरात गेल्या.

"आई, त्याचा अर्थ 'तोंड बंद कर' असा होतो! बाबा माझ्या सासूला दोनदा म्हणाले, तोंड बंद कर. दुसऱ्यांदा 'कृपया' लावून!"

"अगं, बोटवाल्यांनी..."

"आई, थांब. खरं सांग. बाबांना कळेनासं झालंय का?" लेकीचा आवाज कापत होता. "मागे पोरगी त्यांना म्हणाली, आजोबा, मला ताप आलाय. तर म्हणाले, वा वा, शाब्बास! मी हसण्यावारी नेलं. पण हे... आई, त्यांना काही व्हायला लागलं असेल तर एवढा लांबचा प्रवास नको. इथे परक्या गर्दीत ते आणखी गोंधळतील. तू त्यांना डॉक्टरकडे ने. आपण पुढच्या वर्षी बघू."

खरं उत्तर दोन शब्दांचं होतं. ते काकूंच्या जिभेवर आलंही. पण नवऱ्यानं जे लपवायला इतकी वर्षं खर्ची घातली ते त्याच्या पाठीमागे, गॅसच्या ओट्याशी उभं राहून लेकीला सांगून टाकायचं? ते त्यांच्यानं होईना. "नेटवर्क वाईट असतं गं आमच्याकडे," त्या म्हणाल्या.

"काय म्हणते?" बाहेरून निवेदकांनी विचारलं.

"हवा विचारत होती."

मग काकूंनी आतल्या खोलीत जाऊन अर्धी भरलेली बॅग उघडली. निवेदकांचा नवा स्वेटर काढून कपाटात ठेवला, नातीसाठी शिवून घेतलेला फ्रॉक वरच्या कप्प्यात सारला आणि रिकामी बॅग पुन्हा माळ्यावर चढवली. निवेदक दारात उभे राहून पाहत होते. स्टुलावर उभ्या असलेल्या बायकोची पाठ काय बोलते हे समजायला कान लागत नाहीत.

बाकीचा खुलासा बोटवाल्यांनी केला. ते दुसऱ्या दिवशी सकाळी माफी मागायला आले, आणि अपराधी माणूस नेहमी ओरडून बोलतो. "निवेदक, मला काय ठाऊक हो! तो मुकादम मला रोज 'तोंड बंद कर' म्हणायचा, मला वाटायचं माया करतोय! आणि आता माझ्यापायी तुमची लेक तुम्हाला भ्रमिष्ट समजायला लागली!"

"कोण म्हणालं?"

बोटवाल्यांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी कपाळाला हात लावला. बोटवाले म्हणाले, "मी? मी काहीच म्हणालो नाही," आणि दार स्वतःच लावून घेत नाहीसे झाले.

तो दिवस निवेदकांनी आरामखुर्चीत काढला. भ्रमिष्ट की बहिरा, यातलं कमी लाजिरवाणं कोणतं, हा प्रश्न वरवर वाटतो तितका सोपा नाही. भ्रमिष्ट माणसाचा एक आब असतो. लोक त्याच्याशी हळू बोलतात, त्याला बसायला जागा देतात आणि त्याच्या चुका आजाराच्या खाती टाकतात. बहिऱ्यावर लोक विनोद करतात. ज्याच्या आवाजावर गाड्या सुटत होत्या त्याला 'काय? काय म्हणालात?' असं विचारत फिरायचं? त्यापेक्षा भ्रमिष्ट बरा. दुपारपर्यंत त्यांचा कौल तिकडे झुकला होता.

मग त्यांना आठवलं, भ्रमिष्ट आजोबांच्या हाती नात देत नाहीत. त्यांना एकट्याला तिच्याबरोबर बागेत पाठवत नाहीत. आणि 'मला ताप आलाय' म्हणणाऱ्या पोरीला आपण शाब्बास म्हणालो होतो, हे त्यांना आजच कळलं होतं. काकूंनीच सांगितलं, भाजी चिरता चिरता, मान वर न करता, पण नेहमीपेक्षा मोठ्यानं. ते ऐकून निवेदक उठले. गॅलरीतला डबा त्यांनी स्वतः धुऊन, पुसून काकूंना आणून दिला.

पुढच्या रविवारी लेकीनं फोन केला तो खास समेटासाठी. निवेदक साध्या शर्टात बसले होते. विहीणबाई पलीकडे आधीच तयार होत्या, चष्मा नाकावर, चेहरा लाजल्यासारखा. रागाचा मागमूस नव्हता. लेक काही तरी म्हणाली आणि विहीणबाईंना कोपरानं ढोसलं. विहीणबाईंनी एकदा छताकडे पाहिलं, परीक्षेत उत्तर आठवावं तसं, आणि दोन शब्द बोलल्या. मग आशेनं निवेदकांकडे बघत राहिल्या.

पत्र्यावर मूठभर वाळू. निवेदकांनी मान लववली आणि मुद्दाम शेवटचं अक्षर जपून म्हटलं, "ब्रिगादु."

पलीकडे कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. विहीणबाईंनी खाली पाहिलं. लेकीनं तोंडावर हात ठेवला, आणि त्या हाताच्या वरचे डोळे भरून आले. नात एकदा आजीकडे आणि एकदा आजोबांकडे बघत राहिली.

"नेटवर्क!" काकू घाईनं म्हणाल्या. "आज फारच खराब आहे. मघापासून तुटतंय बघ."

"काय म्हणाल्या त्या?" निवेदकांनी विचारलं.

"काही नाही हो. नेहमीचंच."

"अगं, काय म्हणाल्या?"

काकूंनी पदराचं टोक मुठीत धरलं. "मराठीत म्हणाल्या," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांच्या कानाशी वाकून, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "'कसे आहात?' म्हणाल्या. आठवडाभर पाठ करत होत्या म्हणे."

निवेदक फोनकडे बघत राहिले. पलीकडे साठीची एक बाई, जिला त्यांनी तोंड बंद कर म्हटलं होतं, त्यांच्याच भाषेतले दोन शब्द घेऊन बसली होती, आणि ते दोन शब्द त्यांच्यापर्यंत पोचले नव्हते. पोर्तुगीज गिळून बोलतात हे कारण इथे चालणार नव्हतं. डब्याला गंज नव्हता, मध्ये जाड काच नव्हती, आणि पुढच्या वाक्याला काकू पुन्हा हवा-पाण्यावर जाणार हे त्यांच्या ओठांवरून दिसत होतं.

त्यांनी घोषणेआधी घेत तसा श्वास घेतला. पण घोषणेचा आवाज काही आला नाही. आला तो जरासा खरखरीत, घरात काकूंनीही क्वचितच ऐकलेला.

"नेटवर्क चांगलं आहे," ते म्हणाले. "डोकंही जागेवर आहे, बाळा, तू घाबरू नकोस. मला ऐकू येत नाही. पुष्कळ वर्षं येत नाही. हे आधी त्यांना सांग. आणि मग त्यांच्या भाषेत याला काय म्हणतात ते मला शिकव. जरा मोठ्यानं."